नाणेघाटाची उन्हाळी वाट

बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकातून मंगळूरच्या दिशेने निघालेली आगगाडी हासन मागे टाकून सकलेशपूरला पोहोचते, तेव्हा ती समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असते. तेथून सुब्रह्मण्य रोड स्थानकापर्यंतच्या ५५ किलोमीटरांत ती ५७ बोगद्यांतून आणि शंभराहून अधिक पुलांवरून सह्याद्री उतरते. डब्यात बसलेल्या प्रवाशाला बोगद्यांचा अंधार आणि दऱ्यांचा उजेड आळीपाळीने दिसतो. अभियंत्यांच्या कर्तबगारीचे कौतुकही वाटते. परंतु एक प्रचंड पर्वत ओलांडला गेला, याची जाणीव त्याच्या पायांना होत नाही. तहानही त्याला लागत नाही. लागलीच, तर पुढच्या स्थानकावर पाण्याची बाटली मिळतेच.

घाट म्हणजे काय, हे खऱ्या अर्थाने कळावयाचे असेल तर तो पायांनी चढावा लागतो, आणि तोही उन्हाळ्यात. तापी नदीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या या पश्चिमेच्या पर्वतकड्यात माणसाने अनेक ठिकाणी वाटा शोधल्या. त्यांत मराठी माणसाला नावाने तरी सर्वाधिक परिचित असलेली प्राचीन वाट म्हणजे नाणेघाट होय. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुका आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका यांना जोडणारा हा घाट दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाहता आहे. यशवंतपूरच्या गाडीतील प्रवाशाला ज्या दोन गोष्टी जाणवत नाहीत, त्या दोन्ही, म्हणजे पर्वताची उंची आणि पाण्याचे मोल, या घाटात उन्हाळ्यातील एका दिवसात उमजतात.

नाणेघाटाला हल्ली गर्दी होते ती पावसाळ्यात. त्या दिवसांत कड्यावरून कोसळणारे पाणी वाऱ्याच्या झोताने पुन्हा वर फेकले जाते आणि ते दृश्य पाहण्यासाठी शेकडो माणसे घाटमाथ्यावर जमतात. ते दृश्य रमणीय आहे, यात शंका नाही. परंतु पावसाळ्यात धुके, गवत आणि वाहते पाणी यांनी मूळ वाट झाकून गेलेली असते. शिवाय जिकडे तिकडे पाणीच पाणी असताना, पाण्यासाठी पूर्वजांनी काय खटाटोप केला, याकडे कोणाचे लक्ष जाणार? चैत्र-वैशाखात गवत वाळून जाते, कारवीची झुडपे विरळ होतात, आणि मग दगडी बांधणी, खोदीव पायऱ्या आणि कातळात कोरलेली टाकी स्पष्ट दिसू लागतात. येथील प्रसिद्ध लेण्याची आधुनिक काळातील पहिली नोंदही उन्हाळ्यातीलच आहे. कंपनी सरकारच्या सेवेतील विल्यम साइक्स या अधिकाऱ्यावर १८२४ मध्ये दख्खनच्या प्रदेशाची सांख्यिकी माहिती जमविण्याचे काम सोपविण्यात आले होते. पिके, पाऊस, पशुपक्षी, लोकवस्ती यांची टिपणे घेत हिंडणारा हा अधिकारी १८२८ च्या उन्हाळ्यात नाणेघाटात आला आणि तेथील शिलालेख त्याच्या दृष्टीस पडले.

घाटाची रचना समजण्यासाठी सह्याद्रीची घडण थोडी लक्षात घ्यावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार उसळलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि थंड होऊन त्यांचा काळा कातळ बनला. काही थर घट्ट, तर काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, घट्ट थर उभा राहतो. त्यामुळे सह्याद्रीच्या अंगावर राक्षसी पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात. या पठाराची कोकणाकडील बाजू एकदम तुटलेली आहे, तर पूर्वेकडील बाजू हळूहळू उतरत जाते. म्हणूनच जुन्नरहून घाटघरमार्गे येणाऱ्या मनुष्याला नाणेघाट हा चढ वाटतच नाही. तो जवळजवळ सपाट भूमीवरून चालत येतो आणि अकस्मात पायांखालची जमीन संपते. कोकणातून येणाऱ्याला मात्र तीच जागा आभाळात टेकलेली भिंत दिसते. त्या भिंतीच्या एका टोकाला अंगठ्यासारखा दिसणारा सुळका आहे. त्याला लोक ‘नानाचा अंगठा’ म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खिंड ही दोन खोऱ्यांमधील सीमारेषा असते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पूर्वेकडे वळला तर कुकडी, घोड, भीमा आणि कृष्णा अशी मजल-दरमजल करीत बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेकडे वळला तर उल्हास नदीच्या खोऱ्यातून थोड्याच अवधीत अरबी समुद्र गाठतो. म्हणजे पाऊस येथे उदंड पडतो, पण थांबत मात्र नाही. नदीच्या काठी वसलेल्या गावाला वरच्या डोंगरांतून झिरपणारे पाणी उन्हाळ्यातही मिळते. खिंडीच्या डोक्यावर असा डोंगरच नसतो, मग तिला पाणी कोठून मिळावे? आषाढात ज्या ठिकाणी उभे राहवत नाही इतका पाऊस कोसळतो, तेच ठिकाण वैशाखात सर्वांत तहानलेले असते. घाट बांधणाऱ्यांपुढील खरा प्रश्न चढाचा नव्हता. बैलाच्या आणि माणसाच्या पायांना वळणे देऊन चढ सोपा करता येतो. खरा प्रश्न पाण्याचा होता.

कल्याणहून मुरबाड आणि टोकावडे ही गावे मागे टाकून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कल्याणपासून सुमारे ६० किलोमीटरांवर, वैशाखरे हे गाव आहे. त्याच्यापुढे थोड्या अंतरावर नाणेघाटाची पायवाट फुटते. घाटमाथा समुद्रसपाटीपासून ८०० मीटरांच्या आसपास असल्याने पायथ्यापासून सहाशे मीटरांहून अधिक चढावे लागते. सवय असलेल्या माणसाला त्यासाठी अडीच ते तीन तास पुरतात. उन्हाळ्यात हे तीन तास कोणते असावेत, याचे उत्तर घाटाच्या दिशेतच दडलेले आहे. नाणेघाटाचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो. त्यामुळे दिवस उजाडला तरी कड्याची सावली कितीतरी वेळ वाटेवर पसरलेली असते. पहाटे पायथा सोडणारा प्रवासी बराच चढ या सावलीत उरकू शकतो. उलट, दुपारनंतर सूर्य कड्याच्या समोर येतो. तेव्हा वरून ऊन आणि तापलेल्या काळ्या कातळातून निघणारी धग अशा दुहेरी तापात वाटसरू सापडतो. पहाटेचे प्रस्थान हा उन्हाळी प्रवासातला जुना शिरस्ता आहे. त्याच्यामागे असा व्यवहार आहे.

कोकणच्या बाजूचा उन्हाळा आणखी एका कारणाने कठीण असतो. मनुष्याचे शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते. हवा कोरडी असेल तर घाम लवकर वाळतो आणि त्वचा निवते. कोकणची हवा दमट असल्याने घाम येतो पुष्कळ, पण वाळत नाही. शरीरातील पाणी जाते आणि गारवा मिळत नाही. अशा हवेत चढ चढणाऱ्याच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर पाणी निघून जाऊ शकते. म्हणजे तीन तासांच्या चढाला जवळ चार लिटर पाणी बाळगणे ही चैन नसून गरज आहे. घामाबरोबर क्षारही जात असल्यामुळे नुसते पाणी पुरत नाही; मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, ताक किंवा कोकमाचे सरबत ही आपल्याकडील पेये केवळ रुचीसाठी रूढ झालेली नाहीत. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने घोट घेत जावे, डोक्यावर पांढरे फडके किंवा रुंद काठाची टोपी असावी, आणि बरोबरच्या मंडळींतील सर्वांत मंद चालणाऱ्याची गती ही सर्वांची गती मानावी.

एवढे करूनही एखाद्याला चक्कर आली, तो असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा आणि चढणे तत्काळ थांबवावे. त्याला सावलीत निजवून कपडे सैल करावेत. मान, काखा आणि जांघा यांवर ओली फडकी ठेवून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. परंतु घाटाच्या मध्यावर रुग्णवाहिका येऊ शकत नाही, हे विसरता कामा नये. रुग्णाला माणसांनीच उचलून न्यावे लागते. म्हणून उन्हाळ्यात या वाटेने एकट्याने जाऊ नये, आणि पायथ्याच्या गावात कोणाला तरी सांगून जावे.

वाटेच्या खालच्या टप्प्यात ऐन, पळस, जांभूळ यांसारख्या वृक्षांची साथ मिळते. चैत्र-वैशाखात करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. वाळलेल्या गवताला विडीची एक ठिणगी पुरते आणि लागलेला वणवा कोणाच्याही आटोक्यात राहत नाही. तेव्हा या वाटेवर अग्नीशी खेळ नसावा. वरच्या टप्प्यात झाडी विरळ होते, कातळ उघडा पडतो, आणि येथेच ती टाकी दिसू लागतात. घट्ट कातळाच्या थरातून पाणी सहसा झिरपत नाही. नेमका असा थर हेरून कारागिरांनी तो छिन्नी-हातोड्याने पोखरला आणि पावसाचे पाणी वळवून त्यात साठविण्याची सोय केली. तोंड लहान आणि पोट मोठे ठेवले, म्हणजे ऊन कमी लागते आणि पाण्याची वाफ कमी होते. दगडाच्या अंगच्या गुणाचा एवढा नेमका उपयोग करणारे ते कारागीर लिहावयास शिकलेले होते की नाही, कोण जाणे. त्यांना कातळ वाचता येत होता, हे मात्र निश्चित.

ही टाकी कोणी खोदविली? यातील एका टाक्यापाशी कोरलेला छोटासा लेख सांगतो की, ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचे देयधर्म, म्हणजे धर्मार्थ दिलेले दान, आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. सोपारा म्हणजे आजच्या वसईजवळचे नालासोपारा. त्या काळी ते पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी वृत्तांतात सोपारा आणि कल्याण या बंदरांची, तसेच घाटावरील पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावे आलेली आहेत. किनाऱ्यावरील नगरात राहणाऱ्या गोविंददासाने इतक्या दूरच्या कड्यावर, ज्यांची नावेही त्याला ठाऊक होणार नव्हती अशा वाटसरूंसाठी, पाण्याची सोय केली. घाटाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नरच्या लेण्यांतही असाच एक लेख आहे. त्यात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दान दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशस्थ मनुष्य. देश वेगळा, वंश वेगळा; पण या भूमीत पुण्य कशाने लागते, हे त्यालाही कळून चुकले होते. चैत्रात नाक्यावर रांजण मांडून त्यावर ओले फडके गुंडाळणारी आपली पाणपोई ही याच परंपरेतली धाकटी बहीण म्हणावी लागेल.

माथा जवळ आल्यावर वाटेच्या कडेला ते सुप्रसिद्ध लेणे लागते. ते पूजास्थान असावे असे दिसत नाही; प्रवाशांच्या विश्रांतीची ती जागा असावी. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील दीर्घ लेख कोरलेला आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा तो लेख होय. अभ्यासक तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, सर्व काही आकड्यांनिशी नोंदलेले आहे. हे आकडे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात फार मोलाचे ठरले. येथे शून्य नाही; दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. तरीही आज जगभर चालणाऱ्या अंकांच्या पूर्वजांपैकी काही या भिंतीवर उभे आहेत.

साइक्सने हे लेख पाहिले तेव्हा ते वाचू शकणारा एकही मनुष्य जगात नव्हता. ब्राह्मी लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास उलगडले. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांच्यासारख्या पंडितांनी नाणेघाटाच्या लेखांचा अर्थ लावला. लेण्याच्या मागील भिंतीवर एके काळी राजकुटुंबातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन अशी नावे वर कोरलेली आहेत. मूर्ती मात्र नष्ट झाल्या. काहींची केवळ पावले तेवढी उरली आहेत. ज्या राजकुळाने अश्वमेध केले, त्याच्या प्रतिमांची ही अवस्था. आणि बाहेर एका साध्या व्यापाऱ्याने दिलेले टाके अद्याप टाकेच राहिले आहे. काळाचा हा निवाडा उन्हातून चढून आलेल्या प्रवाशाला अधिक चांगला समजतो.

लेण्यापासून पुढे वाट एका अरुंद नाळेत शिरते. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि मधून दगडी पायऱ्यांची वाट. नाळ संपताच घाटमाथ्यावर एक भला थोरला दगडी रांजण दिसतो. घाट चढून येणाऱ्या तांड्यांकडून घेतलेली जकातीची नाणी या रांजणात टाकली जात, आणि त्यावरूनच घाटाला नाणेघाट हे नाव पडले, अशी लोकांची परंपरागत समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, तिच्यात राज्यकारभाराचे एक तत्त्व अचूक सामावलेले आहे. रस्त्यावर कर घ्यावयाचा असेल, तर त्या रस्त्यावर सावली, पाणी आणि सुरक्षितता यांची हमी द्यावी लागते. राजाने जकात घ्यावी आणि वाट राखावी, व्यापाऱ्याने नफा मिळवावा आणि टाके खोदावे. या देवाणघेवाणीवर घाट चालला. जवळच उभा असलेला जीवधन किल्ला ही पुढच्या काळातील राखणीची खूण आहे.

माथ्यावर पोहोचल्यावर हवेत फरक जाणवतो. उंची वाढली की तापमान साधारणतः दर हजार मीटरांना सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे पायथ्यापेक्षा येथे चार अंशांचा तरी दिलासा मिळतो. मात्र वैशाखात दुपारी ढग जमू लागले तर कड्याच्या काठावर थांबू नये. वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो आणि उघडा घाटमाथा हे विजेला सोपे लक्ष्य असते. भर दुपारी तापलेल्या कातळावरून परत कोकणात उतरणेही शहाणपणाचे नाही. उन्हे कलेपर्यंत सावलीत थांबावे, किंवा घाटघरमार्गे जुन्नरकडे जावे. माथ्यापर्यंत आता मोटारीचा रस्ता आला आहे. जुना तांडाही घाट चढून जुन्नरकडेच जात असे.

पुढे काळ बदलला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. मालाची वाहतूक तिकडे वळली, बैलांचे तांडे नाहीसे झाले आणि नाणेघाट केवळ आसपासच्या गावकऱ्यांची, पुढे गिर्यारोहकांची वाट बनला. जकात थांबली, तशी राखणदारीही थांबली. आज येथे येणारा प्रवासी पाणी पाठीवर घेऊन येतो; त्याला टाक्याची गरज भासत नाही. म्हणूनच टाक्याकडे त्याचे दुर्लक्ष होते, आणि रिकामी झालेली प्लास्टिकची बाटली कित्येकदा त्याच टाक्यात जाऊन पडते. दोन हजार वर्षे ज्याने तहान भागविली, ते पात्र दोन पावसाळ्यांत गाळाने आणि केरकचऱ्याने भरून जाऊ शकते.

हे टाळणे अवघड नाही. रिकामी बाटली परत नेण्यास भरलेल्या बाटलीपेक्षा कमी श्रम पडतात. टाक्यात हातपाय धुऊ नयेत. त्यातील पाणी गाळून आणि उकळूनच प्यावे. आणि उन्हाळ्यात त्यात पाणी असेलच, असे गृहीत धरून निघू नये. लेण्यात चूल पेटवू नये, कारण धुराची काजळी अक्षरांवर बसते. भिंतीवर स्वतःचे नाव कोरू नये, कारण तेथे आधीच पुरेशी नावे आहेत आणि ती वाचण्यास जगाला पुष्कळ वर्षे लागली. उन्हाळा सरता सरता गावकऱ्यांच्या संमतीने आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने एखाद्या टाक्यातील गाळ उपसण्याचे काम तरुणांच्या मंडळांनी अंगावर घेतले, तर येणारा पाऊस त्या टाक्यात साठेल. ते पाणी वाटेवरच्या पक्ष्यांना, गुरांना आणि कदाचित एखाद्या थकलेल्या वाटसरूला उपयोगी पडेल. गोविंददासाच्या दानात भर घालण्याची याहून सोपी रीत नाही.